फळ्यावरची घरं

द्वारकामाय. हे नाव आधीच लिहून टाकतो. एकदा ते कागदावर आलं की मला मागे फिरता येणार नाही.

मी आज जो काही आहे – सुरतेत सरकारी कचेरीत कारकून, आमच्या घराण्यात नावापुढे पदवी लावणारा पहिला माणूस – तो तिच्या हातच्या भाकरीवर झालो. हे मी चारचौघांत नेहमी सांगतो. माझ्या लग्नात सांगितलं, गावच्या शाळेनं बोलावलं तेव्हा मुलांसमोर सांगितलं. पण त्याच्या पुढचं – ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज सकाळी एक पोस्टकार्ड पेटीत टाकलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. म्हणजे पहिल्यांदा कळेल ते द्वारकामायला, मग तुम्हाला.

जरा लांबून सुरुवात करतो – चालेल ना? थेट तिथे जायला अजून हात वळत नाही.

मी पारोळ्याकडच्या एका खेड्यातला. बारावी झाल्यावर काका मला सुरतेला घेऊन आले. ते पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात होते आणि त्यांच्या खोलीत आधीच सहा माणसं झोपायची. मला जागा मिळाली ती गोडादऱ्यात, द्वारकामायच्या खानावळीच्या माळ्यावर. ती आमच्याच तालुक्यातली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. जेवायला येणारे सगळे लूमवरचे, नाहीतर डाइंगमधले. डाइंगवाल्यांची बोटं कधी निळी, कधी जांभळी. शेवभाजीच्या लाल रश्शात बुडणारी ती निळी बोटं मला अजून दिसतात. मी माळ्यावर पुस्तक उघडून बसलो की ती खालून ओरडायची, "चूप जेवा रे! वर पोऱ्या अभ्यास करी राह्यना." आणि पाळीवरून आलेली ती दमलेली पंधरा-वीस माणसं खरोखर गुपचूप जेवायची. कुणी भुरका मारला तर बाकीचे त्याच्याकडे रागानं बघायचे. कुठल्या वाचनालयात मला अशी शांतता मिळाली असती?

पदवी मिळाली तेव्हा काळा झगा घातलेला माझा फोटो तिनं चौकट करून भिंतीवर लावला, देवांच्या ओळीत. कुणी नवीन माणूस जेवायला बसला की त्याच्या पहिल्या घासाआधी, "हाऊ मना भाऊ शे. ग्रॅज्युएट हुई गया." आमच्याकडे मुलाला लाडानं भाऊच म्हणतात. मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्या फोटोच्या खाली खिळ्यांची एक रांग होती. सगळं त्या खिळ्यांपाशीच येतं, म्हणून नीट सांगतो. अखाजी – म्हणजे अक्षय्य तृतीया – हा आम्हा खानदेशी लोकांचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि सुरतेतली आमची गल्ली जवळजवळ रिकामी होते. गावी जाताना प्रत्येकजण घराची किल्ली द्वारकामायकडे देऊन जायचा. ती रोज सकाळी एकेक खोली उघडायची, मोरीपाशी डब्यात लावलेल्या तुळशीला पाणी घालायची, उंदरांनी काही कुरतडलं का बघायची, पुन्हा कुलूप लावायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून खोलीचे नंबर लिहून चालायचं नाही. तिनं प्रत्येक किल्लीला लूमवरच्या कापडाची चिंधी बांधली होती, एकेका घराची एकेक. हिरवी अमक्याची, ठिपक्यांची तमक्याची. सुकलालभाऊंची पिवळी, जरीच्या काठाची. वीस-बावीस किल्ल्या असतील, पण तिची कधी चूक झाली नाही.

आता क्लबबद्दल. आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी एक सेवा क्लब काढला होता. बँकेतले, शाळेतले, कचेऱ्यांतले लोक. रक्तदान शिबिर, डोळ्यांची तपासणी, वह्यावाटप. अध्यक्ष कुलकर्णीसाहेब बँकेत अधिकारी होते. फार सज्जन माणूस. त्यांनी मला, खानावळीच्या माळ्यावर राहणाऱ्या पोराला, चिटणीस केलं, ते माझ्या अक्षरामुळे. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत तेवढंच एक बक्षीस मिळालं होतं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसताना मला काय वाटायचं हे तुम्हाला कळायचं असेल तर तुमच्या घरातही आधी कुणी खुर्चीवर बसलेलं नसायला हवं.

त्या वर्षी उन्हाळ्यात क्लबनं चोऱ्यांपासून सावध राहायचा कार्यक्रम घेतला. मी गल्लीतल्या बायकांपुढे भाषण केलं. सोनं चमकवून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. अनोळखी माणसानं दिलेला प्रसाद खाऊ नका. दाराला बाहेरचं दिसणारं भिंगाचं भोक पाडून घ्या. हे शेवटचं मी इंग्रजी पत्रकातून उचललं होतं. मागून सखूबाई म्हणाली, "भाऊ, दार तर दिवसभर उघडंच ऱ्हास. भोकमाईन काय देखू?" सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं द्वारकामाय हसली, आणि मग तिनंच सगळ्यांना गप्प केलं: "बोलू द्या रे त्याले. शिकेल शे तो."

कार्यक्रमाचा दुसरा भाग कुलकर्णीसाहेबांचा होता आणि तो खरंच शहाणपणाचा होता. अखाजीला कोण कधी गावी जाणार, कधी परतणार, हे घरोघरी विचारून लिहून घ्यायचं आणि क्लबच्या सभासदांनी दिवसातून एकदा त्या घरांवरून चक्कर मारायची. मी वही केली. त्यांनी मला बजावलं, "रमेश, ही वही तुमच्यापाशीच राहू द्या. कुणाला दाखवायची नाही." मी हो म्हणालो.

आता बघा, मी काय केलं.

रविवारी एक पोलीस अधिकारी पाहुणे म्हणून यायचे होते. त्यांना आधी गल्लीतून आणून मग शाळेच्या हॉलमध्ये न्यायचं ठरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी क्लबचा फळा होता, त्यावर मी रोज सुविचार लिहायचो. मला वाटलं, साहेबांना आमची योजना डोळ्यांनी दिसली पाहिजे. शनिवारी दुपारी मी रंगीत खडू घेऊन बसलो. वर कमानीसारखं शीर्षक: 'गावी गेलेल्यांची घरे – आपली सर्वांची जबाबदारी'. खाली आखलेला तक्ता – नाव, खोली नंबर, गेल्याची तारीख, येण्याची तारीख. अकरा नावं लिहिली. खालच्या कोपऱ्यात एक कुलूप काढलं, त्याला पिवळा रंग दिला. दोन तास लागले. इतका सुंदर फळा मी त्याआधी लिहिला नव्हता, नंतरही नाही.

आणि एकदाही – एकदाही माझ्या मनात आलं नाही की मी काय लिहितोय? आलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. थांबा, त्याकडे येतोच.

पाहुणे आलेच नाहीत. बंदोबस्त लागला म्हणून निरोप आला. क्लबची मंडळी आपापल्या स्कूटरवरून थेट हॉलवर गेली, गल्लीत कुणी शिरलं नाही; रोजची चक्करही अजून कुणी सुरू केली नव्हती. ज्यांना वाचता यायचं ते बहुतेक गावी, उरलेले पाळीवर. फळा तसाच राहिला. मीही पुसला नाही. जाता-येता बघून बरं वाटायचं. मंगळवारी सकाळी द्वारकामाय तुळशीला पाणी घालायला गेली तर सुकलालभाऊंच्या खोलीचं कुलूप कडीला उघडं लटकत होतं. तुटलेलं नव्हतं, साधं कुलूप, कुणीतरी तार घालून सरळ उघडलं असावं. आत लेकीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली नवी भांडी नव्हती, शिवणयंत्र नव्हतं, सोन्याची पोत नव्हती. यादीत सुकलालभाऊंचं नाव तिसरं होतं.

गल्लीत आरडाओरडा झाला. सगळे त्या खोलीकडे धावले. मी उलट्या दिशेला धावलो. फळ्यापाशी गेलो आणि ओल्या फडक्यानं तो पुसला. दोनदा पुसला. मग त्यावर पांढऱ्या खडूनं एक सुविचार लिहिला. कुठला ते आठवत नाही. आठवत नाही तेच बरं.

पोलीस आले. कुलूप तुटलेलं नाही म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न किल्लीचा. द्वारकामायनं पदर सावरून खिळ्याकडे बोट केलं. पिवळी चिंधी तिथंच होती, किल्लीसकट. तरी तिला दुपारी चौकीत बोलावलं. शिकलेला माणूस सोबत हवा म्हणून मी गेलो. आम्ही बाकावर शेजारी बसलो. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, लग्नाला निघाल्यासारखं. आधी तिनं हवालदाराला काय सांगितलं असेल? "हाऊ मना भाऊ शे. ग्रॅज्युएट शे."

हवालदार वाईट नव्हता. त्यानं लिहून घेता घेता गुजरातीत विचारलं, "खोली बंद छे, ए कोने कोने खबर हती, माजी?" कुणाकुणाला ठाऊक होतं?

तिनं माझ्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. मग ती हवालदाराकडे वळून म्हणाली, "समदासले मालूम, साहेब. अखाजी शे ना."

हवालदारानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

एवढंच. एका शब्दात झालं. खोली कोणती, माणसं कुठल्या तारखेपर्यंत परतणार नाहीत – हे सगळ्यांना ठाऊक नव्हतं. ते फक्त माझ्या फळ्याला ठाऊक होतं. हे मी तिथे सांगितलं असतं तर काय झालं असतं? हवालदार रागावला असता. कुलकर्णीसाहेबांनी दुसरा चिटणीस बघितला असता. माझी खुर्ची गेली असती, लाकडाची, घडीची. आणि द्वारकामाय त्या बाकावरून त्या क्षणी मोकळी होऊन उठली असती.

पण तिनं माझ्याकडे का बघितलं? इथे मला तो राहिलेला भाग सांगायला हवा, मघाशी टाळलेला. शनिवारी मी फळा पुरा करून मागे सरकून बघत होतो, तेव्हा ती भाजी घेऊन परतत होती. थांबली. "काय लिखेल शे रे भाऊ, इतलं रंगीत?" मी तिला वाचून दाखवलं. नावं, नंबर, तारखा, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "आनि चोरले वाचता येस का रे भाऊ?"

मी हसलो. मला वाटलं, काय ही भोळी बाई. म्हणालो, "माय, चोर कशाला फळे वाचत बसतील?" ती म्हणाली, "तू शिकेल शे. तुले ठाऊक," आणि गेली.

म्हणजे मनात आलं नव्हतं असं नाही. माझ्या मनात कुणीतरी आणून ठेवलं होतं, मीच ते हसून उडवलं. आणि चौकीत तिला सगळं आठवत होतं. एका वाक्यात ती सुटली असती. तिनं ते वाक्य गिळलं, कारण भिंतीवर माझा फोटो होता.

इथेच ही गोष्ट संपली असती तरी मला तोंड लपवावं लागलं असतं. पण संपली नाही.

कुलकर्णीसाहेबांनी विचारलं, "वही कुणाला दाखवली नव्हती ना, रमेश?" मी म्हणालो, "नाही साहेब." वही खरंच कुणाला दाखवली नव्हती. किती सोयीचं उत्तर! मग क्लबनं ठरवलं की सूचनांचं एक पत्रक काढायचं. साहेब सांगत होते, मी स्टेन्सिलवर लिहीत होतो. एक, कुलूप चांगल्या प्रतीचं घ्यावं. दोन, दागिने घरात ठेवून गावी जाऊ नये. तीन, खिडक्यांच्या कड्या तपासाव्यात. मग ते म्हणाले, "चार – घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवू नये." त्यांच्या मनात कुणाविषयी काही नव्हतं, सगळीकडच्या पत्रकांत ही सूचना असतेच. पण आमच्या गल्लीत किल्ली ठेवायची जागा एकच होती. माझी लेखणी थांबली. 'साहेब, ही ओळ नको' – चार शब्द होते. ते बोललो तर पाचवा शब्द 'का?' हा असणार होता, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

मी लिहिलं. आणि हे सांगताना मला सगळ्यात जड जातं – ते मी सुंदर लिहिलं. त्या ओळीतही अक्षर कुठे हललं नाही.

पत्रकं घरोघर वाटली. खानावळीतही एक आलं. द्वारकामायनं ते हातात धरून लांबून बघितलं. "तुनंच अक्षर शे ना?" तिला वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर ती ओळखायची, माणसाची चाल ओळखावी तसं. "काय लिखेल शे?" मी म्हणालो, "चोरांपासून सावध राहायचं, तेच." ती म्हणाली, "मंग लाव भिंतले." आणि मी लावलं, तिच्याच हातची भाताची खळ लावून. फोटो आणि खिळ्यांच्या मध्ये. त्या दिवसापासून लोक त्या कागदाखाली बसून तिच्या भाकऱ्या खायचे, आणि ज्यांना वाचता यायचं ते वाचायचे.

तिला कुणी चोर म्हटलं नाही. आमची माणसं तशी नाहीत. सुकलालभाऊ गावाहून आले, रडले, तिच्याच हातचं जेवले आणि जाताना म्हणाले, "मावशी, किल्ली राहू दे आता मनापाशीच." इतक्या हळू म्हणाले की तिनं "हां, हां, घी जाय," – घेऊन जा – म्हणत स्वतःच चिंधीची गाठ सोडून किल्ली दिली. मग दुसरा. मग पोळ्याला गावी गेलेली दोन घरं किल्ली न देताच गेली. किल्ल्या जायच्या आणि चिंध्या राहायच्या. तिनं त्या काढल्या नाहीत. रिकाम्या खिळ्यांवर हिरवी, ठिपक्यांची, पिवळी, जरीच्या काठाची.

त्याच वर्षी, चौऱ्याण्णवला, गणपती बुडाले आणि पाठोपाठ प्लेगची बातमी आली. शहर कसं पळालं ते सुरतेत असलेल्या कुणालाही विचारा. आमची गल्ली एका दिवसात बंद झाली. प्रत्येकानं स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. मीही काकांबरोबर पळालो. तिला चल म्हटलं होतं. ती म्हणाली, "इतली घरं टाकीसन कशी येऊ?" एकही किल्ली नसताना.

परत आलो तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी त्याच फळ्याखाली स्टूल टाकून बसलेली होती. तोंडाला फडकं बांधलेलं. एकाही कुलपाला हात लागला नव्हता. मला बघून तिनं फडकं खाली ओढलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "तुळशीसले पाणी घालता नही उनं रे, भाऊ."

त्यावेळी तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. मला नोकरी लागली, मी नदीपलीकडे राहायला गेलो, लग्न झालं. दिवाळीला तिच्याकडे फराळ घेऊन जातो, पाया पडतो. ती माझ्या बायकोला म्हणते, "याच्यासारखा पोऱ्या नही." कागद अजून भिंतीवर आहे, धुरानं पिवळा पडलेला. जेवायला बसलो की मी त्याच्याकडे पाठ होईल अशी जागा धरतो.

गेल्या आठवड्यात बायको फळीवरचे जुने कागद बदलत होती. त्यात त्या पत्रकाची एक प्रत निघाली. ती म्हणाली, "अहो, किती सुरेख अक्षर!" आणि मोठ्यानं वाचायला लागली. चौथ्या ओळीला थांबली. "असं कसं? किल्ली ठेवायची नाही तर शेजारी कशाला असतात?" आणि पुन्हा कामाला लागली. तिला वाटलं, साधा प्रश्न आहे.

मी तेव्हा घाबरट होतो, तरुण होतो, नवा होतो – असं एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं आहे.

मी रिक्षा करून अर्ध्या तासात तिच्याकडे जाऊ शकतो. पण मला ठाऊक आहे काय होईल. ती ताट वाढेल, मी हळूच सांगेन, ती म्हणेल, "जाऊ दे रे," आणि गोष्ट आम्हा दोघांत मुरून जाईल, पुन्हा तिच्याच खर्चानं. म्हणून पत्र. आणि पाकिटात नाही, पोस्टकार्डावर. तिला आलेलं पत्र ती दारात उभी राहून वाचून घेते, ज्या कुणाला वाचता येतं त्याच्याकडून, मोठ्यानं, सगळी गल्ली ऐकत असताना. दुसरी रीत तिला माहीत नाही. अक्षर मी जरा मोठं काढलं, वाचणारा अडखळू नये म्हणून. लिहिलं ते असं:

तीर्थरूप द्वारकामायला रमेशचा नमस्कार.

माय, चोरी झाली त्या अखाजीला गल्लीच्या फळ्यावर गावी गेलेल्यांची नावं, खोली नंबर आणि तारखा मी लिहिल्या होत्या. ही माहिती कुणाला दाखवू नको, असं मला अध्यक्षांनी बजावलं होतं. सुकलालभाऊंचं नाव तिसरं होतं. चोरी कळली तेव्हा मी सगळ्यात आधी जाऊन फळा पुसला. चौकीत मी हे सांगितलं नाही.

सुकलालभाऊंची किल्ली तुझ्या खिळ्यावरून हलली नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

तुझ्या भिंतीवर माझ्या अक्षरातला कागद आहे. त्याची चौथी ओळ: घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवू नये. तू विचारलंस तेव्हा ती मी तुला वाचून दाखवली नाही. ही ओळ तुला लागेल हे ठाऊक असून मी ती लिहिली, आणि मीच ती तुझ्या घरात चिकटवली.

फळ्यासमोर तू मला विचारलं होतंस, चोराला वाचता येतं का. मी हसलो होतो.

येतं, माय.

रमेश